नमुन्याची बाटली

बेटेगाव,
११ नोव्हेंबर २०२४

प्रणव,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी भांडण. चार दिवसांत सहा फोन केले तुला. दोनदा तू मीटिंगमध्ये, दोनदा मोटरसायकलवर, एकदा 'आत्या, आवाज तुटतोय' आणि एकदा नुसतीच रिंग. म्हणून आता लिहिते. अंगणवाडीत एकतीस वर्षं रजिस्टरं लिहिली, हात अजून वळतो. आपला बन्सी रोज सकाळी फुलं घेऊन पालघरच्या बाजाराला टेम्पो नेतो, त्याच्या हाती हे पाठवतेय. उत्तरही त्याच्याच हाती दे. कागदावर माणसाला 'आवाज तुटतोय' म्हणता येत नाही.

वाडीची दशा ऐक. काकड्याच्या फुलांच्या कळ्या उमलायच्या आधीच देठाशी काळ्या पडतात. बाजारात बन्सीच्या टोपल्या बघून व्यापारी तोंड फिरवतात. विहिरीचं पाणी काढलं की वर तेलकट तवंग. आणि वास कसला सांगू? दवाखान्यात नुकतीच फरशी पुसल्यावर येतो ना, तसला. तुझा बाप असता तर कंपनीच्या गेटवर जाऊन बसला असता. अण्णाचा स्वभाव तुला माहीत आहे. तो तुझ्यात का नाही उतरला, देव जाणे.

आपल्या वाडीत कामाला येते त्या जमनाची नात आठवते का, सोमी? पाच वर्षांची झाली. तिच्या हातापायांवर चट्टे उठलेत. मी म्हटलं, पाणी बदल. तर जमना म्हणते, "बाय, वास तर मारतं पानी, पन आमाला दुसरं कुठं हाय?"

आता खरी गोष्ट. कंपनीनं नेमलेल्या पाणी तक्रार समितीचं पत्र आलंय. मी उन्हाळ्यात अर्ज केला होता, की तुमचं सांडपाणी नाल्यातून आमच्या विहिरीत उतरतंय, नाला साफ करा, आणि माझ्या वाडीला नि जमनाच्या पाड्याला नळ द्या. उत्तर काय, तर आम्ही चोवीस महिने दरमहा तुमची विहीर तपासतोय, पाणी पिण्यालायक आहे, तक्रार बंद. आणि पाणी चांगलं असल्यामुळे वाडीमालकांना आम्ही देतो तो पिण्याच्या पाण्याचा जारही एक जानेवारीपासून बंद. हरकत असेल तर फेब्रुवारीत कोळगावला सुनावणीला या.

सोबत जोडलेल्या रिपोर्टखाली शिक्का तुझ्या लॅबचा. शिक्क्याखाली सही ओळखीची वाटली म्हणून चष्मा पुसून पाहिली. ती सही मी तुझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात पाहिलेली आहे. अण्णाची म्हणून तू ठोकली होतीस, तीच वळणं. हे काय आहे, मला समजावून सांग.

सुलू आत्या


पालघर,
१७ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार. रागावू नकोस. खरंच कामात असतो.

आमच्या लॅबमध्ये दिवसाला दीडशे बाटल्या येतात. माझ्यापुढे येते तेव्हा बाटलीवर माणूस नसतो, नंबर असतो. मशीनमध्ये घालायचं, आकडा येईल तो लिहायचा, खाली सही. ती सही म्हणजे मी काही निर्णय देतो असं नाही, एक पद्धत असते. आणि मशीन खोटं बोलत नाही.

काकड्याचं म्हणशील तर यंदा हवाच तशी होती. विहिरीचा उपसा कमी झाला की पाण्याला वास येतो. एकदा सगळी उपसून घे, पोटॅशियम टाक. सोमीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, खरूज असेल.

सुनावणीच्या भानगडीत तू पडू नयेस असं मला वाटतं. या वयात कोळगावच्या खेपा कशाला? कंपनी गावासाठी बरंच करते. शाळेला दप्तरं दिली, तुझ्याच अंगणवाडीची भिंत रंगवून दिली. भांडून हाती काय लागणार? वाडीचं पुढे काय करायचं ते आपण निवांत बसून बोलू. मी येईन.

आई इथे आमच्याकडेच राहायला आलीय. चारुताला दिवस गेलेत. एप्रिलमधली तारीख आहे.

प्रणव


बेटेगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

अरे वेड्या,

असली बातमी पहिल्या ओळीत सांगायची की पोटॅशियमच्या मागून? पत्र वाचता वाचता मी उठून देवापुढे साखर ठेवली. चारुताला सांग, बादल्या उचलायच्या नाहीत आणि वहिनीचं सगळं ऐकायचं नाही, थोडंच ऐकायचं. बन्सीजवळ चिकू पाठवलेत. बाजारातून घेतलेले आहेत, वाडीतले नाहीत. मुद्दाम सांगते, म्हणजे पोर निर्धास्त खाईल.

आता तुझं ते 'मशीन खोटं बोलत नाही'. मशीन काय बोलेल? तुमच्याकडचा तो बाटल्या न्यायला येणारा हर्षित, वापीकडचा, चांगला पोरगा आहे हो. महिन्यातून एकदा भर दुपारी येतो, घामानं निथळत, गळ्यात ओळखपत्र. ओटीवर टेकतो, मी चहा देते. मग दोन बाटल्या पुढे करतो, "मौसी, आप ही भर दो, उधर साँप रहता है." विहीर वाडीच्या पार टोकाला, आणि एकदा त्याला तिथे धामण दिसली. तेव्हापासून त्यानं तिकडे पाऊल टाकलेलं नाही. मी बाटल्या घेऊन आत जाते आणि स्वयंपाकघरातल्या जारमधून भरून आणते.

हो, जारमधून. हसू नकोस. बाटलीवर चिठ्ठी असते, 'सुलोचना चुरी, बेटेगाव'. माझ्या नावानं चार शिकलेल्या लोकांत जाणारी वस्तू मी त्या घाणीनं भरून देऊ? आपल्या घरातून कुणाचं भांडं परत जाताना रिकामं गेलं नाही कधी, वाईटानं भरलेलं तर नाहीच नाही. आणि तपासणी कशी असते ते मला कोण शिकवणार? तपासायला बाई यायच्या त्या दिवशी आम्ही गुटगुटीत पोरं पुढच्या ओळीत बसवायचो, हडकुळी मागे. ताजी खिचडी, धुतलेली सतरंजी. तपासणी म्हणजे चांगलं ते पुढे करायचं, चाकरीत मी एवढंच शिकले.

थांब.

आत्ता लिहिता लिहिता माझं पेन थांबलं रे. म्हणजे तुम्ही चोवीस महिने तपासलंत ते विहिरीचं पाणी नव्हतंच! कंपनीनं पाठवलेला जार कंपनीच्याच पैशानं तपासला, आणि छान आहे म्हणून माझ्या विहिरीवर शिक्का मारला. अग बाई! कपाळावर हात मारून घेतला मी. जमनाला हाक मारून सांगितलं, तीही तोंडाला पदर लावून बघत राहिली.

पण मग सगळं सोपंच झालं की! तू तुझ्या साहेबांना सांग, माझी आत्या येडी, तिनं चुकीचं पाणी भरलं. परत नमुना घ्या. या वेळी कुणीतरी धामणीला न भिणारा पाठवा. एका महिन्यात निकाल. उगाच तुला बोलले रे, माफ कर म्हातारीला.

सुलू आत्या


पालघर,
१५ डिसेंबर २०२४

आत्या,

तीन आठवडे कोरा कागद खिशात घेऊन फिरलो. बन्सीकाका रोज विचारतो, बाईला काय द्यायचंय का. आज रविवार आहे, चारुता नि आई देवळात गेल्यात, म्हणून लिहितोय.

मला माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून.

हर्षितनं सांगितलं नव्हतं, पाण्यावरूनच कळलं. आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात हे मी जन्मापासून ऐकतोय, इतकं ते जड. आणि तुझ्या नावाच्या बाटलीतलं पाणी पावसासारखं मऊ. जारचं पाणीही आम्हीच तपासतो, त्याचे आकडे मला पाठ आहेत. मी त्याच दिवशी आमचे मॅनेजर विक्रम सर आहेत त्यांच्याकडे गेलो. हे विहिरीचं नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, "बाई स्वतःच्या हातानं भरते? पावतीवर सही करते? मग झालं. आपण पोस्टमन. पाकिटात काय आहे ते पोस्टमननं वाचायचं नसतं." मी परत येऊन सही केली. पुढच्या महिन्यात केली. मग सवय झाली.

तुला वाटेल मी भेकड आहे. आहे. पण कसं चालतं तेही ऐक. आमच्या लॅबला निम्म्याहून जास्त काम ती एकच कंपनी देते. ज्याचं सांडपाणी, तोच तपासणीचे पैसे देतो. परीक्षेचे पेपर तपासायला मुलाच्या बापानंच मास्तर नेमलाय. तो मास्तर मुलाला नापास करेल का? मागच्या वर्षी आमच्यातल्या किंजलनं एका गावच्या विहिरीचा रिपोर्ट आला तसा पाठवला. तिला कुणी ओरडलं नाही, कुणी धमकावलं नाही. अकरा महिन्यांचं कंत्राट संपलं आणि पुढचं आलं नाही, इतकंच. आम्ही सगळ्यांनी केक कापून तिला निरोप दिला. मी टाळ्या वाजवल्या, आत्या. माझंही कंत्राट अकरा महिन्यांचंच असतं. दर अकरा महिन्यांनी मी नव्यानं जन्माला येतो, आणि कुणाच्या तरी मर्जीनं.

आता बाळ येतंय. म्हणून हात जोडून सांगतो, सुनावणीत जारचा विषय काढू नकोस. ते तुझ्यावरच उलटवतील.

हे लिहिताना दोनदा उठून तोंड धुऊन आलो. वाचून झालं की फाडून टाक.

प्रणव


बेटेगाव,
२२ डिसेंबर २०२४

प्रणव,

फाडलं नाही. एकतीस वर्षांत एक कागद फाडला नाही, तुझा कशाला फाडू?

दोन वर्षं. दोन वर्षांत दोन दिवाळ्या, दोन गणपती आले. तू यायचास, ओटीवर बसून माझ्या हातच्या करंज्या खायचास. आता आठवतं, पाण्याची बाटली तू पाठीवरच्या पिशवीतून काढायचास. मला वाटायचं, शहरात राहून सवय लागली पोराला. तू तर मला जारचं पाणीसुद्धा विश्वासानं मागितलं नाहीस! आणि समोर सोमी अंगणात विहिरीच्या पाण्यानं भातुकली खेळत होती. चिखलाचा चहा करून तिनं तुला दिला होता, तू खोटा खोटा प्यालासही.

याच विहिरीत पोहायला शिकलास तू. अण्णानं पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि ढकललं, मी काठावर उभी राहून त्याला शिव्या देत होते. नाकातोंडात पाणी गेलं तुझ्या. किती गोड आहे म्हणालास वर आल्यावर.

त्यांनी काय केलं कळतंय का तुला? आपली विहीर घेतली, आणि प्लॅस्टिकच्या जारमध्ये थोडं पाणी घालून परत दिलं. मी दर सोमवारी जार आणणाऱ्याला "उपकार झाले" म्हणत होते. सही पण करत होते.

बन्सीजवळ एक बाटली देतेय. विहिरीतून मी स्वतः काढलेलं पाणी आहे, जमना शेजारी उभी होती. तपास. शिक्का नको, सही नको. सोमीला हे पाजू की नको एवढंच सांग.

सहा फेब्रुवारीला समितीपुढे तू असणार, तुमच्या साहेबांबरोबर. मी आधी उभी राहून माझी चूक सांगेन. सगळा गाढवपणा माझ्या पदरात घेईन. मग तू फक्त एक वाक्य बोल. 'ते पाणी विहिरीचं नव्हतं.' त्यापुढे एक शब्द नको. नाला साफ झाला, पाड्यावर नळ आला, की मी परत कधी तुझ्यापुढे हा विषय काढणार नाही.

सुलू आत्या


बेटेगाव,
९ फेब्रुवारी २०२५

प्रणव,

तू समोरच्याच रांगेत होतास, तरी लिहिते. सगळा वेळ तू आपल्या बुटांकडे बघत होतास, तेव्हा काय झालं ते तुला दिसलं नसेल.

कोळगावचं ते सभागृह छान गार होतं. प्रत्येकापुढे पाण्याची छोटी सीलबंद बाटली, माझ्यापुढेही. मी उघडली नाही. जमनाला आत सोडलं नाही, तिचं नाव अर्जात नव्हतं. ती बाहेर पायरीवर बसली.

मी सांगितलं सगळं. हर्षितचं, धामणीचं, जारचं. समितीतले दोघं हसले. मीही हसले असते त्यांच्या जागी. मग कंपनीचा वकील उठला. गोड आवाज, मला 'मावशी' म्हणाला. "म्हणजे मावशी, नमुन्यात फेरफार तुम्हीच केलात." मी म्हटलं, फेरफार नाही हो, मला लाज वाटली. तो कारकुनाला म्हणाला, लिहा, तक्रारदारानं फेरफार मान्य केला. मी म्हटलं, लाज वाटली तेही लिहा. कारकून कागद चाळून म्हणाला, "त्याला रकाना नाही, बाई."

मग तुला विचारलं. तू उभा राहिलास. मी तुझ्याकडे बघून मान हलवली, लहानपणी कविता म्हणायला उभा राहायचास तेव्हा हलवायचे तशी. तू म्हणालास, "नमुना जसा आला तसा तपासला." आणि बसलास. शब्दानं खोटं नाही. हेच शिकवलं का रे आम्ही तुला बी.एस्सी. करून?

तुझं डिसेंबरचं पत्र माझ्या पिशवीत होतं, चष्म्याच्या डबीखाली. दोनदा हात आत घातला, आणि दोनदा चष्माच काढला. चारुताचं पोट डोळ्यांपुढे येत होतं. मी वाचवलं तुला, प्रणव. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. उपकार म्हणून नाही, राग म्हणून.

तक्रार फेटाळली. नवीन पुरावा असेल तर वरच्या समितीकडे चोवीस एप्रिलपर्यंत अपील करा म्हणाले. जार तर जानेवारीतच बंद झाला. आता मी पण विहिरीचंच पिते, उकळून, कापडानं गाळून. वास जात नाही.

आणखी एक आहे, ते लिहायला जड जातंय. परत येताना रिक्षात जमना शेजारी होती. कोळगाव मागे पडलं तशी म्हणाली, "बाय, तुज्या घरात जारचं पानी हाय, मला ठावं होतं. तू आमाला कदी दिलं नाय." रागानं नाही म्हणाली. बाहेर बघत म्हणाली, आणि लगेच बन्सीच्या म्हशीचं काहीतरी बोलायला लागली.

दोन वर्षं जार माझ्या स्वयंपाकघरात होता. जमना दमून आली की मी तिला तांब्या द्यायचे तो विहिरीचा. एका घरासाठी एकच जार म्हणून मी मनाची समजूत घालायचे. हर्षितला जारचं, जमनाला विहिरीचं. कुणाला काय पाजायचं ते मी पण ठरवतच होते की. तुझ्या विक्रम सरांना शिव्या द्यायला तोंड उघडते आणि माझं मलाच ऐकू येतं.

बाटलीचं काय झालं ते तू कळवलं नाहीस. मी विचारत नाही.

सुलू


पालघर,
१९ एप्रिल २०२५

आत्या,

दोन महिने मी लिहिलं नाही, तूही नाही. पण आता लिहायलाच हवं. रविवारी, तेरा तारखेला, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. रंग चारुताचा, नाक आपलं. अण्णांचं. रडायला लागली की कपाळावर तशीच आठी पडते.

चोवीस तारखेला, गुरुवारी, बारसं आहे. सकाळी अकराला, घरीच. मला बहीण नाही, तेव्हा कानात नाव तूच सांगायचंस, जसं माझ्या कानात सांगितलं होतंस. तू रागावली आहेस हे मला माहीत आहे. बाळावर रागावू नकोस. तू आली नाहीस तर आई कुणालाच नाव ठेवू देणार नाही.

लॅबमध्ये मला कायम केलंय, एक तारखेपासून. सिनियरही केलं. विक्रम सर म्हणाले, भरवशाची माणसं कमी असतात. तुला हे वाचून काय वाटेल ते कळतं मला. पण आता अकरा महिन्यांची टांगती तलवार नाही, चारुताला बाळंतपणात त्याची काळजी नव्हती, एवढंच मी पाहतो.

एक विनंती आहे. आईनं हट्ट धरलाय की आपल्या घरातल्या प्रत्येक बाळाचं बाराव्या दिवसाचं न्हाणं वाडीतल्या विहिरीच्या पाण्यानं झालंय, माझंही झालं, तेव्हा हिचंही व्हायला हवं. ती बन्सीकाकाजवळ कळशी पाठवणार आहे. तू तिला काहीही कारण सांग, विहीर उपसायला काढलीय म्हण. पाणी पाठवू नकोस. तुझी डिसेंबरातली बाटली मी तपासली होती, एकट्यानं, सगळे गेल्यावर. आकडे लिहीत नाही. पण ते पाणी बाळाच्या अंगाला लागता कामा नये, तोंडात तर थेंबही जाता कामा नये. चारुताला मी हे सांगितलेलं नाही. फक्त तुला सांगतोय.

येशील ना?

प्रणव


बेटेगाव,
२३ एप्रिल २०२५

प्रणव,

नाक अण्णाचं म्हणतोस, तर पोरगी हट्टी निघणार. देव तिला तेवढं तरी देवो.

कळशी आली होती. रिकामी परत पाठवली. आपल्या घरातून रिकामं भांडं पहिल्यांदा गेलं. वहिनीला कारण काही सांगितलं नाही. ते तू सांग.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात तू पाण्याबद्दल जे लिहिलंस तो तुझ्या हातचा पहिला खरा रिपोर्ट. चोवीस महिने मशीनवर बसून तुला जमलं नाही ते बाळाच्या न्हाण्यासाठी जमलं. खाली सही आहे, आणि ती तुझी आहे, या वेळी बापाची वळणं नाहीत. एवढंच वाक्य कोळगावला बोलला असतास रे. यापेक्षा लहान वाक्य मागितलं होतं मी.

सोमीला घेऊन परवा जमना दवाखान्यात गेली होती. खरूज नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता. डिसेंबरापासून तुला ठाऊक होतं. मी विचारलं होतं, सोमीला पाजू की नको. चार महिने ती पीत राहिली, कारण तिच्यासाठी कुणी पत्र लिहिलं नाही की थेंबही जाता कामा नये. मी पण पाजत राहिले, तुझ्या उत्तराची वाट बघत. त्यात माझाही वाटा आहे, तो मी टाळत नाही.

बोईसरला जाऊन तुझ्या या पत्राची झेरॉक्स काढून आणली. अपिलाची शेवटची तारीख उद्याच आहे, तुला आठवत नसेल. नवीन पुरावा म्हणून हे पत्र लावतेय. सोबत माझा जबाब आहे, जमनाचा आहे, तिचा अंगठा आहे. या वेळी तिचं नाव अर्जात पहिलं घातलंय, म्हणजे तिला आत सोडावं लागेल. तुझं डिसेंबरचं पत्र नाही लावलं. ते लिहिताना तू दोनदा उठून तोंड धुतलं होतंस. ते माझ्यापाशीच राहील.

यानं नळ येईल की नाही मला माहीत नाही. वकील पुन्हा गोड बोलेल, कारकुनाला पुन्हा रकाना सापडणार नाही. तुझी नोकरी मात्र जाईल, हे नक्की माहीत आहे. कुणी ओरडणार नाही. केक कापतील. चारुता मला जन्मात क्षमा करणार नाही, आणि तिचं चुकणार नाही. मी फेब्रुवारीत तुला वाचवलं आणि त्यापायी सोमीला बुडवलं. दुसऱ्यांदा ते माझ्यानं होणार नाही. तुला मी माझ्या हातानं भरवून मोठं केलंय, आणि त्याच हातानं हे लिहितेय.

उद्या दहाला कोळगावला अर्ज देते. तिथून पालघर असं किती लांब? अकरापर्यंत तुझ्या दारात येते. माझ्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलंय, तीनदा धुतलंय, पण धुवायला पाणी पालघरहून बन्सीनं आणलं होतं, तेव्हा घाबरू नकोस.

आत घेतलंस तर पाळण्यापाशी बसून बाळाच्या कानात नाव सांगेन. नाही घेतलंस तर दाराबाहेर उभी राहून मोठ्यानं सांगेन. कानात सांगायच्या गोष्टी आपल्या घरात फार झाल्या.

सुलू आत्या